काम आलं तर

हर्णैला बर्फाच्या फॅक्टरीवर, वरच्या मजल्यावर
माझं ऑफिस. दोन खुर्च्या, एक टेबल.
खाली लाद्या धडाधड पडतात
आणि पुण्याहून फोनवरचा माणूस विचारतो,
"मॅडम, काही कोसळलं का?"
मी म्हणते, बर्फ. तो हसतो. सुरुवात बरी होते.

मग मी कागद वाचते.
दहा वर्षांच्या वर अनुभव.
जाव्हा, डेटाबेस, पेमेंटची जोडणी येणारे.
सहा महिने, करारावर.
इथे एक घोट पाणी पिते
आणि सांगून टाकते, काम अजून आलेलं नाही.
येईल. निविदा वीस तारखेला उघडणार,
पण अर्जासोबत पाच माणसं लागतात,
सहीसकट, अनुभवासकट.
म्हणजे आधी नावाडी दाखवा,
होडीचं मग बघू.

काम बंदरावरच्या लिलावाचं.
कुणाची सुरमई, कुणाची बोली,
उधारी किती दिवसांची, सगळं पडद्यावर यायला हवं.
आज ते सगळं भिमाबाय चोगलेच्या डोक्यात असतं,
आणि ते डोकं
एकोणतीस वर्षांत एकदाही बंद पडलेलं नाही.
हे मी निविदेत लिहिलं नाही.

उल्हास बिवलकर म्हणाले, रेट सांगा.
म्हटलं, काम आल्यावर.
मग फोनही काम आल्यावरच करा, म्हणाले.
बरोबर बोलले.

गुहागरला पोफळीच्या बागेत बसून
जर्मनांचं काम करणारा हेरंब खांबेटे:
"नाव खुशाल वापर.
फक्त काम मिळालं तर मला बोलावू नकोस."

खेडची रेश्मा परकार. बारा वर्षं
एका बँकेचं कोड सांभाळलं. हळूच म्हणाली,
मधली तीन वर्षं रिकामी आहेत, चालतील का?
तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी रडलं.
मी निविदा पुन्हा चाळली. चौऱ्याऐंशी पानं,
रिकाम्या वर्षांना रकानाच नाही.
चालतील, म्हटलं.

माझे बाबा नारळी पौर्णिमेच्या आधी
डोंगराकडच्या वाड्यांतून खलाशी ठरवायला जायचे.
दर्यात काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसायचं.
पण आधी उचल मोजायचे, हातावर ठेवायचे,
मूठ मिटली की मग म्हणायचे,
मासळी लागली तर.
माझ्याकडे नुसतं
तर
आहे.

दापोलीचे दत्ताराम भुवड. वय एक्कावन्न.
हिंजवडीतून कमी केलेले; हे त्यांनीच सांगितलं,
रक्तगट सांगावा तसं.
माझं वाक्य संपायच्या आत म्हणाले, हो.
इतका लवकरचा हो मला धरता येईना.
परत सांगितलं, काम नक्की नाहीये.
"ऐकलं मी. लिहा."

गुरुवारी ते स्कूटरवरून आलेच.
लिलावात भिमाबायच्या मागे, चिखलात, बुटांसह उभे.
ती बोली ओढायची, हे वहीत काहीतरी आखायचे.
दोन बोल्या एकदम आल्या तर कुणाची धरता?
उधारीवाल्याने पुन्हा हात वर केला तर?
ती म्हणाली, तोंड बघून.
त्यांनी ते लिहिलं, खाली रेघ मारली,
शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

मी कानाशी लागले, भुवड, काम अजून…
"तारीख आहे लक्षात," वर न बघता म्हणाले.
"तोवर हे तरी कळू दे."

लिलाव उठला. बर्फाचा चुरा पायाखाली काळा झाला.
भिमाबायने मला बाजूला घेतलं,
ह्या माणसाला पगार कोण देतो गं?
मी वर माझ्या खिडकीकडे बघत राहिले.
तिने काही न बोलता ढिगातले चार बांगडे
कॅरीबॅगेत घातले, त्यांच्या हातात दिले.

भुवड मासे खात नाहीत, हे मला
पुढल्या आठवड्यात कळलं.
तेव्हा मात्र पिशवी स्कूटरला नीट अडकवून,
गाठ दोनदा तपासून
ते घाट चढून गेले.

पाचवं नाव अजून कोरं आहे.
वीसला सहा दिवस.