कोंडवाड्याची पावती

नंदुरबारच्या खालच्या अंगाला, निझरच्या वाटेवर
आमची शीव होती.
शीव म्हणजे एक बाभूळ, शेंदूर फासलेला धोंडा
आणि एरवी नुसता नावाचा नाला.
तिथेच आजोबांनी नथ्थू फुवाचे पाय धुतले होते
सीमांतपूजनाला, तांब्याच्या घंगाळात.
फुवा म्हणाला होता म्हणे, जोडा चावतोय, आधी तो काढू द्या.
शीव ओलांडायची ती अशी,
कुणीतरी पाय धुतल्यावर.

एकावन्न साली शिरगणतीचे गुरुजी आले.
भाषेला रकाना एकच, बोटभर.
फुईला विचारलं, कुठली भाषा बोलतेस?
फुई म्हणाली, “कोनासंगे?”
गुरुजी थांबले.
सासूसंगे एक, वाण्यासंगे दुसरी,
कुकरमुंड्याच्या बाजारात तिसरी,
आणि म्हशीसंगे बोलते ती तर
अजून कुणी कागदावर उतरवलेली नाही.
गुरुजींनी टाक झटकला, शाईचा थेंब दारावर उडाला.
काय लिहिलं, तिने विचारलं नाही,
त्यांनी सांगितलं नाही.

मग लांब कुठेतरी मोठी माणसं नकाशावर ओणवी झाली.
आमच्याकडे बातमी आली ती मिरचीच्या पुडीवरून:
‘…ही गावे गुजरातकडे…’
कुठली गावे, ते फाटलेल्या भागात.

बापू रोजाने मोजणीवाल्यांची साखळी ओढायचे.
बाभळीखाली त्यांनीच खड्डा खणला,
चुना फासलेला, नंबर घातलेला दगड उभा केला
शेंदराच्या धोंड्याला खेटून.
आता जोडीने उभे:
एकाला नारळ, एकाला नंबर.
संध्याकाळी बापू हात धूत राहिले. चुना निघता निघेना.

शाळेत गूळ-शेंगदाणे वाटले.
मी दुसरीत. ‘माझे नातेवाईक’ यावर पाच ओळी.
‘फुई’ लिहिलं, मास्तरांनी लाल शाईने खोडून
वर ‘आत्या’ लिहिलं.
म्हटलं, ती फुईच आहे.
मास्तर म्हणाले, तिकडे.

त्याच पावसाळ्यात आमची भुरी म्हैस नाला ओलांडून गेली
आणि सापडली फुवाच्याच कोंडवाड्यात.
नव्या राज्याने त्याला किल्ली दिली होती, पेटी दिली होती,
कोरं पावतीपुस्तक दिलं होतं.
बापू गेले. फुई म्हणाली, आधी जेव.
कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार.
हात धुऊन झाल्यावर फुवाने पेटी उघडली:
दंड पंचाहत्तर नये पैसे, म्हणजे बारा आणे.
बापूंनी कनवटीला हात घातला, तोवर
फुवाने स्वतःच्या बंडीतून बारा आणे काढले,
सरकारच्या पेटीत टाकले, पेटी लावली,
आणि पावती फाडून मेव्हण्याच्या हातात दिली.

कंदिलाजवळ धरून पाहिली मी ती.
म वाटला तो म असेल.
बाकीची अक्षरंही ओळखीची, पण डोकं उघडं,
पागोटं काढून ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांसारखी.
मला वाटलं,
ह्यांच्या डोक्यावरची रेघच कुणी काढून नेली
आणि बाभळीपाशी जमिनीवर आखली.

माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन गेले तेव्हा
फुईने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली,
उलटी केली.
“ह्या अक्षर दोरीवर वायत काबरं टाकात?”
मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

फुवा नव्हता तेव्हा.
पावती माझ्या पाकिटात होती, घडीवर विरलेली.
फुईच्या मुलाला दिली, वाच म्हटलं.
तो बोट ठेवून वाचत गेला:
जनावर, म्हैस. रंग, भुरा.
मालक, धुडकू.
राहणार…
इथे तो अडखळला, मग हसायला लागला.
गावाचं नाव नव्हतंच.
तालुका, जिल्हा, राज्य, कशालाच फुवाने हात लावला नव्हता.
तिथे होतं:
मारुं सासरुं.