तेरावा दिवस

नव्या वर्षाचा तेरावा दिवस घरात काढू नये,
नाहीतर अवदसा वर्षभर मुक्काम ठोकते म्हणतात.
म्हणून अख्खं इस्फहान सकाळी आठालाच
सतरंज्या काखोटीला मारून बाहेर पडलेलं.

आम्ही निघालो साडेअकराला.
फरंगीसची एक चप्पल सापडेना,
इरज सामोवारच्या गळक्या नळाशी हुज्जत घालत बसला,
आणि गोहर मावशीला ऐन जिन्यात आठवलं
की गव्हाचं ताट खिडकीतच राहिलं.
तेरा दिवस वाढलेलं ते हिरवं जावळ,
लाल फितीने बांधलेलं,
घरातली सगळी किरकिर म्हणे ते शोषून घेतं.
इरजने ते गाडीच्या टपावर ठेवलं, दोरीने आवळलं.
जावळ वाऱ्यावर फुरफुरत पुढे, किरकिर आत, आमच्यासोबत.

बागा केव्हाच भरलेल्या.
सावल्यांचे वाटे झालेले, बुंध्याला बुंधा लागून बिऱ्हाडं.
एका जर्दाळूखाली तर तीन सासवा.
शेवटी गाडी थांबली
दोन रस्त्यांच्या मधल्या गवताच्या पट्टीशी.
"इथे?" फरंगीस म्हणाली.
"इथे," इरज म्हणाला, आणि सतरंजी झटकली.
रुंदी साडेचार पावलं. कैहानने मोजली.

डावीकडून ट्रक, उजवीकडून ट्रक,
मधे आम्ही मांडी घालून,
पुदिन्याच्या आंबटगोड पाकात
लेट्यूसची पानं बुडवतोय.
चालक हॉर्न वाजवून शुभेच्छा देतात,
आम्ही तोंड भरलेलं असताना हात हलवतो.

बॅडमिंटनला जाळी नव्हती. जाळी म्हणजे गोहर मावशी.
कैहानने असा काही फटका मारला
की फूल उडून बसलं एका ट्रकच्या ताडपत्रीवर
आणि शिराझला निघून गेलं.
पोरं टाळ्या पिटत धावली पट्टीच्या टोकापर्यंत,
जणू घरातलं कुणी परदेशी चाललंय.

मग मावशीने नेहमीचं काढलं,
"गवताला गाठ मार गं. पुढच्या वर्षी दोघांनी या."
मी अडतीस वर्षांची.
इस्पितळात क्ष-किरण काढते.
दिवसभर माणसांना सांगते, श्वास रोखा.
रोखा.
आता सोडा.
गाठ मी मारली. मारते दरवर्षी,
मावशीचं मन का मोडा.
पण मागताना काही सुचेना.
सतरंजीची उबदार लोकर पोटऱ्यांना टोचत होती,
इरज तोंड उघडं टाकून घोरत होता,
आणि नळ अजून गळत होता,
टप्, टप्, साखरेच्या वाटीत.
मी म्हटलं, अजून तासभर.
एवढंच मागितलं, आणि तेही मिळालं.

संध्याकाळी ताट सोडायला नदीवर गेलो.
वाहत्या पाण्यात सोडायचं असतं ते.
नदीत पाणी नव्हतं.
पुलाच्या कमानी कोरड्या मातीत पाय रोवून उभ्या,
पात्रात मुलांचा फुटबॉल,
आणि काठाशी शहराने आणून ठेवलेली हिरवी जावळं,
शेकडो, ओळीत, फितीसकट,
जणू कुणी कुरण विणायला घेऊन उठून गेलंय.

आम्ही आमचं त्यांच्यात ठेवलं.
कुणी काही बोललं नाही बराच वेळ.
मग इरजने गाडीतून सामोवार आणला,
तळाचं कोमट पाणी त्यावर ओतलं.
ते वीतभर वाहिलं, दगडापाशी घुटमळलं, मुरलं.
"वाहिलं," तो म्हणाला.
"वाहिलं," मावशीने साक्ष दिली.

घरी परतलो तर घर तसंच होतं,
बंद खोल्यांचा वास, खिडकीत ताटाचा गोल डाग.
चप्पल सापडली सामोवारच्या खोक्यात.
फरंगीस पायरीवर बसून
एक पाय घालून, एक हातात धरून,
इतकी हसली, इतकी हसली,
की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून
विचारायला आले, काय झालं?