शेपटीचं टोक

सॅलॅमँडर सोलापुरात नाही.
तो पुस्तकातला, दूरच्या ओल्या डोंगरांचा.
इथं हिप्परग्याच्या काठी, बाभळीखालच्या डबक्यात
बेडकाची शेपटीवाली पिल्लं आहेत,
तीच आम्हाला पुरतात.

श्रीलता येमूल बॅटरी दातांत धरते.
तळहात आधी भिजवून घेते.
कात्री नखाएवढी.
तिळाच्या टरफलाइतका तुकडा
स्पिरिटच्या कुपीत.
"जा रे," म्हणते, आणि पाणी मिटतं.

एवढ्याशा तुकड्यात
त्यानं शेवाळ खाल्लं की मेलेला भाऊ,
सगळं लिहिलेलं असतं म्हणे.
मला अजून पुरतं पटत नाही.

कॉलेजात आम्ही एकेका प्रश्नासाठी
एकेक बरणी भरायचो.
डोळ्यांना पाणी यायचं,
आम्ही म्हणायचो, फॉर्मॅलिननं.

तिचे वडील अशोक चौकात, मागावर.
रंग पक्का की कच्चा, कुणी विचारलं
तर चादरीच्या काठाचा एक धागा ओढायचे,
थुंकी लावून बोटांत चोळायचे.
चादर कधी फाडली नाही.
"शास्त्र कसलं," ती हसते,
"चादर विकायची होती ना."

अकराव्या दिवशी, त्याच डबक्यात
फिकट टोकाचा एक हाती लागला.
रफू केल्यासारखी शेपटी.
चाळीस नंबरच्या कुपीचा हाच का,
सांगता येत नाही.

वहीत मी लिहितो: जिवंत.
पुढं प्रश्नचिन्ह काढतो,
ती ते खोडते.