पुढे द्या

बिश्केकच्या मार्श्रुत्कात तुम्ही कधी बसला नसाल.
सोळा जणांची गाडी, आत तीस,
छत एवढं ठेंगणं
की उभ्या बाईची मान आपसूकच खाली.

मागे चढलं की भाडं पुढे द्यायचं.
वीसची नोट हातमोज्यातून हातमोज्यात जाते,
कुणी टोपीवाला, कुणी शाळकरी पोर,
आणि पाचचं नाणं त्याच वाटेने परत येतं.
बावीस वर्षं या रस्त्याने मी कारखान्यात जातेय,
बाह्या जोडते, कॉलर जोडते.
एक सोमसुद्धा कधी वाटेत गळाला नाही.
म्हणून वाटायचं, हात ही भरवशाची गोष्ट.

त्या संध्याकाळी बर्फ कोळशाच्या धुराने काळवंडलेला,
काचा आतून घामेजलेल्या.
माझ्या मागे एक मुलगी,
तीस अंड्यांचा ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरलेला.
माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
एजे, हा माणूस हात लावतोय.
थांबतच नाहीये. ड्रायव्हरला सांगा.

मी तिचं वाक्य घेतलं
आणि पुढे देताना
त्यातला माणूस काढला, हात काढला.
म्हटलं, मागे एका मुलीला त्रास होतोय.
टोपीवाल्याने पुढे दिलं, पोरीला मळमळतंय.
शाळकरी पोराने दिलं, कुणाला तरी उतरायचंय.

तालगतने गाडी कडेला घेतली. लवकर, म्हणाला.
सगळे अंग चोरून बाजूला झाले,
केवढं सौजन्य!
तोही झाला.
दार लागलं.
तिच्या जागेवर त्याला आता नीट टेकता आलं.

मग माझ्या खांद्यावर टकटक.
एजे, पुढे द्या.
वीसची नोट. त्याची.
भाडं द्यायला हात आत्ता कुठे मोकळा झाला होता.

नोट ऊबदार होती.
ती मी पुढे दिली नाही.
मूठ मिटली आणि तिचं वाक्य म्हटलं,
होतं तसं, माणसासकट, हातासकट,
इतक्या मोठ्याने की माझाच आवाज मला ओळखू येईना.
तालगतने रेडिओ बंद केला.
टोपीवाला काचेवर बोटाने काहीतरी पुसू लागला.
पुढे गाडीत काय झालं मला माहीत नाही.
मी उतरले होते.

दोन थांबे उलट चालले.
ती तिथेच होती, दिव्याखाली,
ट्रे बाकावर ठेवून अंडी मोजत.
दोन फुटली, म्हणाली. आई विचारेल.
नाव बेगिमाय. नाक लाल झालेलं.
मी रुमाल दिला, तिने आधी ट्रे पुसला.

मग म्हणाली,
तुम्ही सांगितलंत ना त्यांना? मी म्हटलं तसंच?

नोट अजून हातमोज्यात होती.
कुणाला द्यायची ते कळत नव्हतं.

हो, म्हटलं.
उशिरा.