डिकीतला बाजार

पहिल्या शनिवारी किल्ला दाखवला त्यांनी,
दुसऱ्या शनिवारी आणखी एक किल्ला.
मी कराडची. मला वाटलं,
निदान चढण तरी असेल.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी पहाटे साडेपाचला
मॉरीननं थर्मास भरला, क्लाइव्हनं गाडी.
लडलोबाहेरच्या ओल्या गवतावर
पन्नासेक गाड्या, डिक्या उघडून,
दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारख्या.

आमच्या टेबलावर बेथनचं सामान :
चाकांचे बूट, एक तुकडा हरवलेलं जिगसॉ
(तसं चिठ्ठीवर लिहिलेलं),
घोडेस्वारीतली तिसऱ्या नंबरची पिवळी फीत.
बेथन कॅनडात राहते.
तिच्या खोलीत मी.

"पन्नास पेन्सला द्याल?" कुणी विचारलं
की मॉरीन लगेच हो म्हणायची, वर सॉरीही.
मला राहवेना. आईचा आवाज आला घशात :
"दोन पौंड. चाकं बघा, कशी पळतात."
बाई हसल्या. दीड दिला.
क्लाइव्हनं टोपी काढून मला सलाम ठोकला.

फीत मात्र तो
गिऱ्हाईक आलं की थर्मासखाली सरकवायचा,
गेलं की पुन्हा मांडायचा.
मॉरीनला दिसत होतं. मलाही.
मी बिस्किट चहात धरलं, जरा जास्तच वेळ;
तळाशी गेलं.

परतताना माझ्या मांडीवर
न विकलेला दिवा,
रात्री माझ्या उशाशी असतो तो.
चिठ्ठीवर एक पौंड.
"कसा गेला नाही कोण जाणे," मॉरीन म्हणाली.

विचारणाऱ्या प्रत्येकाला मी
पंचवीस सांगत होते.