पुडी

एकशे सत्तर, खाली एकशे चार.
नागरी आरोग्य केंद्रातल्या बाईंनी दंडावरचा पट्टा सोडला
आणि ह्यांना नाही, मला विचारलं,
डब्यात काय देता?
मी सांगत गेले: सुकट, लोणचं, पापड,
पगार झाला की फरसाण.
त्या लिहीत गेल्या आणि शेवटी सगळ्यावर एकच रेघ मारली.
दिवसभराचं मीठ एक चमचा, म्हणाल्या, सपाट.
सगळं धरून.

सासरे करावे गावच्या मिठागरात होते.
हंगाम संपला की मजुरीसोबत एक पोतं यायचं,
जाडं, करडं, दारामागे झिरपत राहायचं.
लग्न होऊन आले तेव्हा त्या पोत्यात हात घालून
मूठ मोजायला शिकले.
मूठ येते मला. चिमूट येत नव्हती.

तांदळाच्या भाकरीत आमच्याकडे मीठ घालतच नाहीत.
तेवढं एक आधीपासून बरोबर होतं.
तिथून सुरुवात केली.

मटकी भिजवली, फडक्यात बांधली,
दुसऱ्या दिवशी शेपट्या फुटल्या.
लसूण ठेचून तेलात लाल होईपर्यंत धरला,
वर कोकमाची चार आमसुलं, तीही धुऊन,
कारण त्यांनाही मीठ लावलेलं असतं हे तेव्हा कळलं.
डबा अर्धा परत आला.

लाल भोपळा, मेथीदाणे, चिंचेचा कोळ.
तुर्भ्याहून संध्याकाळी आणला की फोडी स्वस्त पडतात,
भाजीवालीला घरी जायची घाई असते.
कारळे भाजले, सुक्या मिरच्या भाजल्या,
खलबत्ता जरा जास्तच आपटला.
ताकात जिरं आणि आलं.
ह्यांनी काही म्हटलं नाही.
पाण्याच्या टाकीवर पंप चालवणारा माणूस,
आठ तास मोटारीच्या आवाजात बसतो,
घरी आल्यावर बोलायचं विसरतो, असं मी धरून चालले.

मग डबे रिकामे यायला लागले.
चाटूनपुसून.
मी मनात हरखले, शेजारच्या प्रमिलाला सांगितलंही.

गुरुवारी धुण्याला खाकी शर्ट काढला
तर खिशात पुडी.
कॅलेंडरचा कागद, जुलैची पंधरा ते वीस,
चार घड्या, आत मीठ.

खाल्ल्या मिठाला जागणारं घराणं, मला हसूच आलं.
मग रडू आलं, मग दूध उतू गेलं.
पुडी होती तशी घडी करून
वाळलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवली.
भांडले नाही. भांडून जीभ बदलत नाही.

रोज रात्री मात्र घडी उलगडून पाहायचे,
बोटाने खोली मोजायची,
पंपावर हे टाकीतलं पाणी मोजतात तशी.
पहिल्या आठवड्यात दोनदा भरली गेली.
मग एकदा.
मी ओलं खोबरं वाढवलं, लिंबू झाकणात वेगळं दिलं,
पिळायचं ते जेवताना पिळा, आधी नको.
कडव्या वालाचं बिरडं केलं,
सोलता सोलता नखं हिरवी झाली.
वाल महाग, म्हणून त्यात दुधी ढकलला.
त्या रात्री विचारलं,
आज मीठ टाकलंस का गो?
नाही, म्हटलं.
मान हलवली आणि बातम्या लावल्या.

पुढे पावसाळी हवेत पुडी तशीच राहिली.
कागदाला पाणी सुटलं, तारखा पुसल्या,
आत एक ओला, करडा खडा.
ह्यांनी तो स्वतःच काढून ओट्यावर ठेवला,
जसं काही रस्त्यात सापडलं होतं.

पट्टा परवा पुन्हा बांधला.
एकशे बेचाळीस. अजून यायचंय, म्हणाल्या बाई.

खडा मी टाकला नाही.
पिळून झालेल्या लिंबाच्या सालीवर घेतला
आणि सासऱ्यांचा तांब्याचा हंडा घासला.
सगळा नाही निघाला.
तळाशी अजून काळं आहे.