सत्तर-तीस

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, परकारचाचा
माझा जुना टायर मांडीवर घेतात,
नाडी बघावी तसा अंगठा फिरवतात.
"मधोमध सपाट. रोजचा हायवे.
कडेला बघ, रबराचे केससुद्धा झडले नाहीत.
चिखलात कधी गेलास?"

गेलो होतो की. मुरबाडच्या पुढे, ओढ्यातून...
साल आठवत नाही.

भिंतीवर दोन टांगलेले.
एक शहाणा: ओल्या काँक्रीटवर धरून राहील,
पंधरा हजार किलोमीटर कुठे गेले नाहीत.
दुसरा दातेरी,
फ्लायओव्हरवर भुणभुणेल, सहा हजारांत संपेल.

"सत्तर-तीस देऊ? मधला आहे."

मधलं घरी पुष्कळ आहे, चाचा.

मागे शहाणा घातला.
पुढे दातेरी.
चाचांनी हवा भरली, काही बोलले नाहीत.

चेंबूरपर्यंत हँडल गुणगुणत होतं.
सिग्नलला थांबलो
की गप्प.